‘शुल्क’, ‘वृत्ती’ आणि ‘कर्ज’ : नगररचनेच्या पदवीचा खर्च व त्याची परिभाषा

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराच्या पूर्वेस, करमाड हे गाव आहे. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील एक लहान स्थानक व आजूबाजूच्या खेड्यांचे व्यवहाराचे ठिकाण एवढीच त्याची ओळख दीर्घकाळ होती. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या योजनेत शेंद्रा-बिडकीन ही औद्योगिक नगरी आखली गेली आणि या ओळखीत पालट झाला. ‘ऑरिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नगरीचे शेंद्रा व बिडकीन असे दोन भाग मिळून क्षेत्र सुमारे १०,००० एकर असून, त्यातील सुमारे ६० टक्के भूमी उद्योगांसाठी व उरलेली निवास, व्यापार, सार्वजनिक सोयी इत्यादींसाठी योजिलेली आहे. नगरीच्या शेंद्रा येथील प्रशासकीय इमारतीचे उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. शेंद्रा, लाडगाव, करमाड या पट्ट्यात जेथे पूर्वी बाजरी व कापूस होता, तेथे आता आखीव रस्ते व क्रमांक घातलेले भूखंड आहेत.

ज्या गावाची भूमी नकाशात गेली, त्या गावातील मुलाला वा मुलीला तो नकाशा काढण्याची विद्या शिकावयाची असेल, तर तिचा खर्च कोण व कसा भागविणार? हा प्रश्न प्रथमदर्शनी अर्थशास्त्राचा वाटतो. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अध्यापक आहे; तरीही या प्रश्नाकडे वळण्याचे कारण असे की, त्यातील अडचणीचा एक मोठा भाग पैशाचा नसून शब्दांचा आहे. करमाड परिसरातील एक विद्यार्थिनी काही काळापूर्वी एक माहितीपत्रक घेऊन आमच्या विभागात आली. नगररचनेच्या पदवीस प्रवेश घेण्याची तिची इच्छा होती. पत्रकात ‘शुल्क प्रतिपूर्ती’ असा शब्द होता. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘फी माफ’ असा केला होता आणि प्रवेशाच्या दिवशी द्यावयाच्या रकमेची काहीच तरतूद केली नव्हती. हा गैरसमज त्या एका घराचा नव्हे. शब्दाच्या अर्थाची चूक येथे थेट रुपयांत मोजली जाते, म्हणून या परिभाषेची थोडी फोड करणे उपयुक्त होईल.

१. पदवी कोणती व कोठे

नगररचना ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून आपल्याकडे फार जुनी नाही. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसविली व पुढे तिला नहरीचे पाणी दिले, तेव्हा नगररचनेचे ज्ञान होते. पदवी मात्र नव्हती. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडीस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग निघाला, आणि नगराचा अभ्यास हा विद्यापीठाचा विषय होऊ शकतो हे मान्य झाले. त्यापूर्वीच, १९१५ मध्ये, मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला होता. दिल्ली येथे १९५५ मध्ये नगर व ग्राम नियोजनाची स्वतंत्र शिक्षणसंस्था स्थापन झाली. तीच पुढे नियोजन व वास्तुकला विद्यालयात समाविष्ट झाली. महाराष्ट्राचा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. आज राज्यात जे विकास आराखडे होतात, ते त्याच्याच आधारे.

या विषयाची पहिली पदवी, म्हणजे बी. प्लॅनिंग, ही चार वर्षांची आहे. केंद्रीय संस्थांतील तिच्या प्रवेशासाठी ‘जेईई मेन’ परीक्षेची नियोजनाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची असून तिला केवळ वास्तुविद्येचे वा स्थापत्य अभियांत्रिकीचे पदवीधरच नव्हे, तर अनेक ठिकाणी भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र या विषयांचे पदव्युत्तर पदवीधरही पात्र ठरतात. ग्रामीण महाविद्यालयातून भूगोल घेऊन बाहेर पडलेल्यांना हे सहसा कोणी सांगत नाही. पुणे, नागपूर, भोपाळ, अहमदाबाद, दिल्ली, खरगपूर ही या शिक्षणाची परिचित केंद्रे होत. करमाडच्या विद्यार्थ्यास गाव सोडावे लागते, आणि म्हणून त्याच्या खर्चाचे दोन भाग पडतात : शिकण्याचा खर्च व राहण्याचा खर्च. पुढील सर्व शब्दांकडे पाहताना हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

२. ‘शुल्क’

‘शुल्क’ हा संस्कृत शब्द मुळात जकातीचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील शुल्काध्यक्ष हा नगराच्या वेशीवर मालावरील कर घेणारा अधिकारी होय. वेशीतून आत जाण्यासाठी जे द्यावयाचे ते शुल्क, हा अर्थ आजच्या प्रवेश शुल्कालाही बेमालूम लागू पडतो. बोली मराठीत मात्र ‘फी’ हाच शब्द रूढ आहे, आणि त्यात महाविद्यालयाला द्यावयाची सर्व रक्कम सामावलेली असते. शासकीय भाषेत तसे नाही. तेथे ‘शिक्षण शुल्क’, ‘परीक्षा शुल्क’, ‘विकास शुल्क’, ‘अनामत’ ही निरनिराळी नावे आहेत. आणि सवलतीच्या पुष्कळशा योजना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांनाच लागू होतात. घरी ‘फीची सवलत मिळाली’ असे म्हटले जाते, तेव्हा प्रत्यक्षात फीच्या एका भागाची सवलत मिळालेली असते.

नगररचनेच्या अभ्यासक्रमात याखेरीज असा खर्च असतो, जो कोणत्याच शुल्काच्या नावाखाली येत नाही. या विद्येचा गाभा म्हणजे प्रत्यक्ष आराखडा करण्याचा वर्ग. त्यासाठी विद्यार्थ्यांना एखाद्या गावाची वा वस्तीची पाहणी करण्यास जावे लागते, मोठे नकाशे छापून घ्यावे लागतात आणि नकाशाचे काम पेलणारा संगणक जवळ बाळगावा लागतो. नकाशांच्या संगणकीय आज्ञावलींपैकी ‘क्यूजीआयएस’सारखी आज्ञावली विनामूल्य मिळते, हा त्यातल्या त्यात दिलासा होय. अंदाजपत्रक मांडताना हे रकाने कोरे ठेवू नयेत.

३. ‘प्रतिपूर्ती’ आणि ‘माफी’

‘माफी’ हा अरबीतून आलेला शब्द मराठीत शेकडो वर्षे मुरलेला आहे. माफ झाले म्हणजे द्यावयाचे उरले नाही. ‘प्रतिपूर्ती’ हा शब्द तसा नाही. राज्यस्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले व शासनव्यवहारासाठी मराठी परिभाषा घडविण्यास वेग आला. ‘प्रतिपूर्ती’ हा त्याच घडणीचा, संस्कृत धातूंवर बेतलेला शब्द आहे. त्यातील ‘प्रति’ हा उपसर्ग महत्त्वाचा आहे. आधी काही रिकामे झाले असेल, तरच ते पुन्हा भरता येते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, खर्च प्रथम कोणीतरी केलेला असतो आणि मग तो भरून दिला जातो. तो ‘कोणीतरी’ विद्यार्थी आहे की संस्था, हे योजनेगणिक बदलते. माहितीपत्रक वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावयाचा.

महाराष्ट्रातील प्रमुख योजना या दृष्टीने पाहू. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र विद्यार्थ्यांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासन उचलते. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, याच उत्पन्नमर्यादेतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काचा लाभ ५० टक्क्यांवरून १०० टक्के करण्यात आला. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने हा निर्णय मोठाच होता. परंतु तोही शुल्कापुरता आहे, खोलीभाड्यापुरता वा जेवणापुरता नाही.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. तिची उत्पन्नमर्यादा २.५ लाख रुपये आहे. २०२०-२१ पासून तिचा ६० टक्के भार केंद्राकडे व ४० टक्के राज्याकडे आला, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. खात्यात रक्कम आली म्हणजे ती आपलीच, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तीत संस्थेला द्यावयाचे शुल्कही असते, आणि ते पोहोचते करण्याचे दायित्व विद्यार्थ्यावर येते. प्रवेशाच्या वेळी आगाऊ रक्कम न भरता नाव दाखल व्हावे यासाठी ‘फ्रीशिप कार्ड’ची तरतूद याच योजनेच्या नियमांत आहे. ती माहीत असणे व नसणे यात पुष्कळदा प्रवेश मिळणे व हुकणे एवढे अंतर असते.

४. ‘वृत्ती’, ‘भत्ता’ आणि ‘वेतन’

संस्कृतात ‘वृत्ती’ म्हणजे उपजीविकेचे साधन. म्हणून शिष्यवृत्ती म्हणजे शिष्य असताना पोट भरण्याची सोय, हा मूळ अर्थ. आजच्या योजनांत मात्र ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द बहुधा शुल्कासाठी वापरला जातो आणि पोटासाठी ‘निर्वाह भत्ता’ असा वेगळा शब्द योजावा लागतो. अर्थाची ही अदलाबदल ध्यानात न आल्याने अनेकजण एका योजनेसाठी अर्ज करतात व दुसरीकडे पाहातच नाहीत.

डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा न मिळाल्यास भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. २०१६-१७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये असा तिचा दर ठरविला होता. येथे करमाडसारख्या गावाच्या संदर्भात एक सूक्ष्म अडचण उभी राहते. ‘अल्पभूधारक’ या शब्दात भूमी धारण करणे गृहीत आहे. ज्याची सर्व जमीन संपादनात गेली, तो शब्दार्थाने अल्पभूधारक उरत नाही. आणि तो कारखान्यात हंगामी कामास जात असला तरी त्याची मजूर म्हणून नोंदणी झालेली असेलच असे नाही. दोन शब्दांच्या मधल्या जागेत असे कुटुंब अडकू शकते. म्हणून सातबारा उतारा, उत्पन्नाचा दाखला व नोंदणीचे कागद एकत्र ठेवून, आपण कोणत्या शब्दात बसतो, हे प्रवेशाच्या आधीच्या वर्षी पाहून घेणे शहाणपणाचे.

‘विद्यावेतन’ हा तिसरा शब्द. वेतन हे कामाबद्दल मिळते. केंद्रीय संस्थांत ‘गेट’ परीक्षा उत्तीर्ण होऊन नियोजनाच्या पूर्णवेळ पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेणाऱ्यास दरमहा १२,४०० रुपये असे विद्यावेतन मिळण्याची व्यवस्था आहे. दोन वर्षांचे मिळून ते २,९७,६०० रुपये होतात. जो विद्यार्थी प्रथम घराजवळ राहून कमी खर्चात दुसरी पदवी घेतो व नंतर या परीक्षेच्या वाटेने नियोजनाकडे वळतो, त्याचा एकूण खर्च बारावीनंतर लगेच दूरच्या खासगी संस्थेत जाणाऱ्यापेक्षा पुष्कळच कमी राहू शकतो. वर्षे अधिक लागतात, हा त्यातील तोटा मान्य केला पाहिजे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी १९५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय नगररचनाकार संस्थेची सहसदस्यत्वाची परीक्षा हाही एक मार्ग आहे.

५. ‘कर्ज’, ‘तारण’, ‘जामीन’, ‘हप्ता’

देण्याघेण्याच्या व्यवहारातील मराठी शब्दसंपत्ती पाहिली, तर ‘कर्ज’ व ‘जामीन’ हे अरबीतून, तर ‘हप्ता’ फारसीतून आलेला दिसतो. ‘हप्ता’ म्हणजे मूळचा सात दिवसांचा आठवडा. हे शब्द कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. खेड्यातील माणूस ते सावकारापासून शिकला आहे. त्यामुळेच शैक्षणिक कर्जाचे नाव निघताच जमीन गहाण पडल्याचे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. वास्तविक, बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाख रुपयांपर्यंत तारण वा त्रयस्थाची जामीनकी लागत नाही. आईवडील सहकर्जदार असतात. ७.५ लाखांपुढे सामान्यतः तारण मागितले जाते. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजनेत निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांत प्रवेश घेणाऱ्यांना तारण व जामीनदार यांविना कर्जाची सोय आहे, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याजसवलत आहे. मात्र ही सवलत घेणाऱ्यांची संख्या दरवर्षी १ लाखापर्यंत मर्यादित आहे.

येथे जो शब्द फसवितो तो ‘सवलतीचा काळ’. शिक्षण चालू असताना व त्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता द्यावा लागत नाही. परंतु हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असे मुळीच नव्हे. एक उदाहरण घेऊ. चार वर्षांच्या पदवीसाठी प्रत्येक वर्षाच्या आरंभी १ लाख रुपये याप्रमाणे ४ लाख उचलले, व्याजाचा दर सरळव्याजाने १० टक्के धरला, आणि परतफेड पाच वर्षे पूर्ण झाल्यावर सुरू झाली. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५०,००० रुपये, दुसऱ्यावर ४०,०००, तिसऱ्यावर ३०,००० व चौथ्यावर २०,००० असे एकूण १,४०,००० रुपये व्याज साचते. पहिला हप्ता देण्याच्या दिवशी कर्ज ४ लाखांचे नसून ५,४०,००० रुपयांचे असते. याच काळात ३ टक्के सवलत मिळाली, तर व्याज ९८,००० वर येते. ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न ४.५ लाखांच्या आत आहे त्यांनी, आपला अभ्यासक्रम व संस्था पूर्ण व्याज अनुदानाच्या योजनेत बसते काय, हे बँकेत आवर्जून विचारावे. कारण तसे असल्यास या काळातील साचणाऱ्या व्याजाचा भार त्यांच्यावर पडत नाही.

६. एक जुने उदाहरण

या तिन्ही प्रकारच्या पैशांचा अनुभव एकाच विद्यार्थ्याच्या चरित्रात पाहावयाचा असेल, तर ज्यांचे नाव मराठवाडा विद्यापीठास दिले आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेच उदाहरण घ्यावे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मात्र परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार त्यात होता. शिष्यवृत्तीची मुदत संपताच लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. पुढे मुंबईत प्राध्यापकी करून साठविलेली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. वृत्ती, बचत व कर्ज यांपैकी कोणतेही एक पुरे पडले नाही. तिन्हींची सांगड घालावी लागली. आजही साधारणपणे तसेच घडते. आणि वृत्तीलाही मुदत व अट असते, हा धडा त्यात आहेच.

७. पदवीनंतर

कर्ज काढावे की नाही याचा निर्णय पदवीनंतरच्या कामावर अवलंबून आहे, म्हणून त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. नीती आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशातील ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी सुमारे ६५ टक्के वस्त्यांना बृहत् आराखडाच नव्हता. राज्यांच्या नगररचना विभागांत १२,००० हून अधिक नगररचनाकारांची आवश्यकता असताना मंजूर पदे ४,००० हून कमी होती, व त्यांतीलही बरीच रिक्त होती. अनेक राज्यांत या पदांसाठी नगररचनेची पदवी ही आवश्यक अर्हताच नव्हती. म्हणजे गरज मोठी, परंतु मागणी लहान. ‘देशाला नगररचनाकार हवे आहेत’ या वाक्याचा अर्थ ‘पदवी घेताच नोकरी मिळेल’ असा होत नाही. खासगी सल्लागार संस्था, महानगरपालिका, विकास प्राधिकरणे येथे काम मिळते. तथापि कर्जाची रक्कम ठरविताना आरंभीचा पगार साधाच धरावा, हे इष्ट.

मग करमाडच्या मुलामुलींनी या वाटेला का जावे? करमाडचे नाव ८ मे २०२० रोजी सर्व देशाने ऐकले. टाळेबंदीत जालन्याहून पायी घराकडे निघालेले सोळा परप्रांतीय कामगार या गावाजवळ लोहमार्गावर झोपी गेले असता मालगाडीखाली सापडून मरण पावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक आहेत. परंतु कारखाना कोठे असावा हे ठरविताना कामगार कोठे राहणार, कोणत्या वाटेने चालणार व संकटात कोठे थांबणार, हेही ठरवावयाचे असते, आणि ते नगररचनेचे काम आहे. ज्यांनी ही वाट, हे नाले, ही शिवारे पायांनी ओळखली आहेत, त्यांच्यापैकी काहीजण आराखडा करणाऱ्यांच्या बाजूस बसले, तर आराखड्यात आज जे सुटते त्यातील काही सुटणार नाही, अशी अपेक्षा बाळगणे गैर नव्हे. नगररचनेच्या भाषेत ‘आरक्षण’ म्हणजे सार्वजनिक उपयोगासाठी राखलेली भूमी. ‘आमच्या जमिनीवर आरक्षण पडले’ हे वाक्य गावाने पुष्कळदा उच्चारले आहे; ते आरक्षण कोठे पडावे हे ठरविणाऱ्यांत गावाचा आवाज क्वचितच असतो.

त्यासाठी आरंभ माहितीपत्रकापासून करावयाचा आहे. त्यातील प्रत्येक शब्दाला चार प्रश्न विचारावे. ही रक्कम शिकण्याची की राहण्याची? ती प्रथम कोण भरणार? शेवटी कोण भरणार? आणि कोणत्या अटीवर व कोणत्या मुदतीत? या चार प्रश्नांची उत्तरे एका कागदावर चार रकान्यांत मांडली, म्हणजे कोणता भाग मिळणार, कोणता भाग घरून उभा करावयाचा आणि कोणत्या भागापुरतेच कर्ज घ्यावयाचे, हे दिसू लागते. आमच्याकडे आलेल्या त्या विद्यार्थिनीने असा तक्ता केला, तेव्हा शुल्काहून खोलीभाडे व भोजन यांचाच आकडा मोठा निघाला, आणि कर्जाची जी रक्कम घरात धास्तीने बोलली जात होती तिच्या निम्म्याहून कमी रकमेची गरज उरली. असा तक्ता करून देण्यास कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयातील अध्यापकाला एक दुपार पुरेशी आहे. बारावीचे व पदवीचे वर्ग शिकविणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांनी ती दुपार अवश्य द्यावी.